जुनी एलपी की नवी आवृत्ती?

शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही एचएमव्हीची एलपी १९६८ची. तोडी, भैरव, मालकंसापासून भैरवीपर्यंत ११ राग. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. अशा रेकॉर्डच्या पहिल्या आवृत्तीला मोठी किंमत मिळते ती दुर्मिळतेमुळे. खाचा झिजल्या असतील, तर चांगली नवी आवृत्तीच सरस वाजते.

नवी घेताना मूळ टेप वापरली आहे का, ते आधी पाहावे. ‘ब्लू नोट’ या जॅझ कंपनीच्या ‘टोन पोएट’ मालिकेत (२०१९पासून) केव्हिन ग्रे मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून मास्टरिंग करतात. आमच्या मते तिथे पैसे वसूल होतात. ‘मोबाइल फिडेलिटी’ कंपनीच्या महागड्या रेकॉर्डांत डिजिटल टप्पा असल्याचे २०२२मध्ये उघड झाले, तरी त्यांतल्या अनेक उत्तम वाजतात. नुसत्या १८० ग्रॅम वजनाने मात्र आवाज सुधारत नाही.

रेकॉर्ड जुनी असो वा नवी, ती जपावी लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. उन्हात उभ्या बंद गाडीत रेकॉर्ड वाकते, पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते. म्हणून रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका आणि पार्सल घरी येताच उघडून तपासा.