खडेबाजारातली विद्येची देवघेव

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात बेळगावास जाण्याचा योग आला. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुमारे पंधरवडाभर आधी सुरू होतात. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडची मुले अजून आंब्याच्या कोयी चोखत सुट्टी उपभोगीत असतात, तेव्हा बेळगावच्या खडेबाजारात वह्या, छत्र्या आणि गणवेशाचे कापड घेणाऱ्या आईबापांची दाटी उसळलेली असते. पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती. आडोशासाठी आम्ही एका झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर चढलो, तो तेथे आमचे एक जुने स्नेही भेटले. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवतात. त्यांच्या शेजारी शहरातल्या दुसऱ्या एका शाळेच्या गणिताच्या बाई उभ्या होत्या, आणि दुकानातला मुलगा एकाच्या पेन ड्राइव्हमधले काहीतरी दुसरीच्या पेन ड्राइव्हमध्ये उतरवून देत होता.

“काय सर, इकडे कुठे?” आम्ही विचारले.

“बाजार करायला आलोय की!” सर हसून म्हणाले. “बाईंच्याकडची भूमिती मी घेतो, माझ्याकडची विद्युतधारा बाई घेतात. त्यांच्या शाळेतल्या विज्ञानाच्या नव्या सरांना हवी आहे. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. खडेबाजारात असला सौदा दुसरा कुठला मिळतो, सांगा बघू!”

विनोद म्हणून आम्ही हसलो खरे. पण सरांनी त्या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे ते दुकानातल्या संगणकावर दाखवले, तेव्हा या सौद्याचे मोल ध्यानी आले. धड्यागणिक आकृत्या, प्रयोगांच्या छोट्या चित्रफिती, सरावाचे प्रश्न, मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळी सोपी पाने, असा बारा वर्षांचा संसार त्यात होता. शाळेत विज्ञानाला दुसरे शिक्षक नाहीत आणि प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. अशा ठिकाणी भिंतीवर पडणारा प्रकाशाचा तो चौकोन हीच मुलांची प्रयोगशाळा असते.

वाचक विचारतील, की हे सगळे आज इंटरनेटवर पैशाला पासरी मिळत असताना शिक्षकांनी पावसात भिजत असे देणेघेणे करावे कशासाठी? या प्रश्नाच्या उत्तरातच सीमाभागातल्या मराठी शाळांचे सारे दुखणे सामावलेले आहे.

1956 सालच्या 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. शाळांची भाषा मराठी राहिली. अभ्यासक्रम मात्र त्या राज्याचा झाला. आज कर्नाटकाची पाठ्यपुस्तक संस्था आपली पुस्तके मराठी माध्यमासाठीही छापते. गणित आणि विज्ञान या विषयांसाठी त्या राज्याने दिल्लीच्या राष्ट्रीय परिषदेची, म्हणजे एनसीईआरटीची पुस्तके स्वीकारली असून त्यांचेच मराठी रूप मुलांच्या हाती पडते. महाराष्ट्रात मात्र 1967 साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके चालतात. भाषा एक, पण पुस्तके दोन.

याचा परिणाम काय होतो तो एका उदाहरणावरून पाहावा. महाराष्ट्रात 2017 साली नववीचे आणि 2018 साली दहावीचे नवे विज्ञानाचे पुस्तक आले. त्यांत धाराविद्युत नववीला आहे आणि गुरुत्वाकर्षण दहावीला. एनसीईआरटीच्या पुस्तकांत हे नेमके उलटे: गुरुत्वाकर्षण नववीला, विद्युत दहावीला. पुण्यामुंबईच्या एखाद्या शिक्षकाने दहावीसाठी म्हणून मराठीत केलेली गुरुत्वाकर्षणाची सुरेख चित्रफीत बेळगावच्या दहावीच्या मुलाने उघडली, तर तो विषय त्याच्या परीक्षेत नाहीच. नववीच्या मुलीने उघडली, तर मुक्तिवेग पाहून ती गांगरते, कारण तिच्या पुस्तकात तो भाग नाही. उलट कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाशी तंतोतंत जुळणारे साहित्य शोधावे, तर ते मुख्यतः कन्नडात किंवा इंग्रजीत. एकीकडे भाषा जुळते पण धडा जुळत नाही. दुसरीकडे धडा जुळतो पण भाषा जुळत नाही. निपाणीची मुले पदवीसाठी गावाशेजारच्या देवचंद महाविद्यालयात जातात. त्याचा पत्ता आहे अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. गावची वेस ओलांडली की राज्य बदलते. पायी ओलांडता येणारी ही रेषा दहावीच्या पुस्तकाला मात्र ओलांडता येत नाही.

2020 साली हे दुखणे उघड्यावर आले. महामारीने शाळांना कुलुपे लागली. त्या वर्षी जुलै महिन्यात कर्नाटकाने दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर आठवी ते दहावीसाठी पाठ सुरू केले. ती वाहिनी कन्नड. त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका मराठीत सुरू झाली. पण ती पहिली ते आठवीसाठी आणि बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली. सीमाभागातल्या मराठी घरांत दोन्ही वाहिन्या दिसत होत्या. पण नववी-दहावीच्या मुलाला आपला म्हणावा असा पाठ त्यांवर शोधून मिळेना. “त्या वेळी आम्हांला कळले,” सर म्हणाले, “की आमच्या मुलांसाठी कोणी करणार असेल, तर ते आम्हीच.” ज्याला जे येत होते ते त्याने केले. कोणी भ्रमणध्वनीसमोर फळा धरून गणिते सोडवली, कोणी धडे मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केले. खडेबाजारातली ती देवघेव याच दिवसांत रुजली.

शिक्षकांनी आपसांत विद्येची वाटणी करावी, ही गोष्ट मराठीला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ‘मराठी शालापत्रक’ नावाचे मासिक शिक्षकांसाठी निघत असे आणि कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांचा हात त्याच्या संपादनास लागला होता. आमच्या लहानपणी एका शाळेचा आशियाचा नकाशा दुसऱ्या शाळेत सायकलीवरून जात असे, आणि परत येताना त्याच्या गुंडाळीत सायक्लोस्टाइल केलेली प्रश्नपत्रिका येत असे. फरक इतकाच, की नकाशा दिला तर देणाऱ्याची भिंत चार दिवस मोकळी राही. आजचे साधन दिल्याने देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही. विद्याधन वाटल्याने वाढते, हे आपण शाळेत पाठ केलेले सुभाषित आता शब्दशः खरे झाले आहे.

या वाटणीची मोठ्या प्रमाणावरची उदाहरणेही आपल्या जवळच आहेत. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून, पानावरून थेट कविता ऐकण्याची आणि पाठ पाहण्याची सोय केली. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मौज अशी, की पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनने दिलेल्या माहितीनुसार त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. तेव्हा ती भाषा शिकून त्यांनी साहित्य तयार केले. महाराष्ट्रातली कन्नड मुले आणि कर्नाटकातली मराठी मुले! एकाच आरशाच्या या दोन बाजू आहेत, आणि दोन्हीकडे औषध एकच: मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकाने केलेले साहित्य.

खुद्द कर्नाटकातही अनुकरणीय काम झाले आहे. 2013 च्या सुमारास तेथील शिक्षण खात्याने बंगळूरच्या ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेच्या साहाय्याने हायस्कुलातल्या शिक्षकांसाठी एक मुक्त भांडार उभारले. गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान यांचे शिक्षक आपापल्या विषयाच्या मंडळात एकत्र येऊन त्यात भर घालीत. मराठी शिक्षकांनी या कामाचा हेवा करण्याऐवजी त्याचा कित्ता गिरवावा, असे आम्हांस वाटते. त्यांतल्या अनेकांना कन्नड उत्तम येते. अभ्यासक्रम तोच असल्याने, तेथल्या एखाद्या चांगल्या पाठाचे मराठी रूप करणे हे पहिल्यापासून आरंभ करण्यापेक्षा खचितच सोपे आहे. 2017 सालच्या शिक्षकदिनी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठावरही निरनिराळ्या राज्यांचे साहित्य अनेक भाषांत साठवलेले आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी 2002 साली सुरू केलेल्या ‘फेट’ या प्रकल्पातले विज्ञानाचे आभासी प्रयोगही विनामूल्य असून त्यांतल्या अनेकांचे मराठी अनुवाद झाले आहेत. हे प्रयोग एकदा उतरवून घेतले, की रेंज नसलेल्या खानापूरच्या रानातल्या गावीही चालतात.

मात्र देवघेव हौसेने सुरू होते आणि शिस्तीने टिकते. सरांनी सांगितलेली एक हकीकत मनाला चटका लावून गेली. त्यांच्या ओळखीच्या एका शाळेतले ज्येष्ठ शिक्षक निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ दिले गेले. पुढच्या आठवड्यात शाळेचा जुना संगणक दुरुस्तीला गेला आणि कोरा होऊन आला. त्या गृहस्थांनी आयुष्यभर जमवलेल्या प्रश्नसंचांपैकी एकही उरला नाही. कोणी मुद्दाम केले नाही. दुसरी प्रत करून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही, इतकेच. “माणूस निवृत्त होतो ते ठीक,” सर म्हणाले, “त्याच्याबरोबर त्याचे शिकवणेही निवृत्त झाले, हे वाईट.”

म्हणून सरांच्या आणि बाईंच्या बोलण्यातून आम्ही टिपून घेतलेल्या चार गोष्टी येथे देतो. पहिली अक्षरांची. जुन्या काळच्या निरनिराळ्या फाँटांत टंकलेले मराठी दुसऱ्या संगणकावर उघडले, की भुताने लिहिल्यासारखे दिसते. युनिकोडमध्ये लिहिलेले मात्र कोठेही मराठीच राहते. तेव्हा पुढचे लिखाण सारे युनिकोडमध्येच करावे. दुसरी नावाची. ‘नवे 2’ अशा नावाची फाइल महिन्याने केलेल्यालाही ओळखू येत नाही. इयत्ता, विषय, धडा आणि वर्ष एवढे नावातच असावे. तिसरी जागेची. भ्रमणध्वनीवरच्या गटात टाकलेली वस्तू शुभेच्छांच्या लोंढ्यात चार दिवसांत वाहून जाते. तिला सर्वांस ठाऊक असे एक कायमचे घर हवे आणि निदान एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी.

चौथी गोष्ट हक्काची, आणि तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. वाचायला फुकट मिळते ते वाटायला आणि बदलायलाही मोकळे असतेच असे नाही. पुस्तकातले चित्र, कोणाच्या तरी चित्रफितीचा तुकडा असे उचलून आपल्या पाठात घालणे हे अनवधानाने झाले, तरी परक्याचेच असते. यावर 2002 सालापासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाची एक साधी सोय आहे. आपण केलेल्या वस्तूवर कर्त्याने आपली अट एका ओळीत लिहून ठेवायची: माझे नाव ठेवा आणि खुशाल वापरा, बदला, पुढे द्या. त्याच वर्षी ‘मुक्त शैक्षणिक साहित्य’ ही संज्ञा युनेस्कोच्या बैठकीत रूढ झाली आणि 2019 साली त्या संस्थेने अशा साहित्याला उत्तेजन देण्याची शिफारस सर्व सदस्यराष्ट्रांना केली. नाव ठेवण्याची ही अट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. शिक्षकाला मानधन मिळत नाही. निदान त्याचे नाव तरी त्याच्या श्रमाबरोबर चालत राहावे.

आता प्रश्न आपला, म्हणजे बडोदे, इंदूर, हैदराबाद किंवा आणखी कोठे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांचा. ज्या गावी मराठी शाळा अजून तग धरून आहे, तेथल्या शिक्षकांची अडचण खडेबाजारातल्या सरांहून फारशी वेगळी नसते: भाषा आपली, अभ्यासक्रम दुसऱ्या राज्याचा. आपल्या घराघरांत निवृत्त प्राध्यापक आहेत, अभियंते आहेत, शुद्धलेखनाचा कटाक्ष बाळगणाऱ्या आज्या आहेत, गोड गळ्याच्या सुना-लेकी आहेत. एक धडा नीट टंकून देणे, एक कविता स्वच्छ वाणीत वाचून पाठवणे, एका आकृतीवरची नावे मराठीत करून देणे, यांतले काही प्रत्येकाला जमण्याजोगे आहे. मात्र आधी शिक्षकाला विचारावे आणि त्याला हवे तेच द्यावे. आपल्या कपाटात नको झालेले ते शाळेला देण्याची आपली जुनी खोड येथे उपयोगाची नाही.

पाऊस थांबला. दुकानातल्या मुलाने दोन्ही पेन ड्राइव्ह परत दिले आणि पैसे विचारले, तर “राहू द्या सर” असे म्हणाला. तो सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. निघण्यापूर्वी बाईंनी भूमितीच्या पाठाचे पहिले पान आम्हांस दाखवले. त्यावर एकाखाली एक चार शिक्षकांची नावे होती: पहिल्याने पाठ केलेला, दुसऱ्याने आकृत्या सुधारलेल्या, तिसरीने उदाहरणे वाढवलेली आणि चौथ्या बाई स्वतः. त्याखाली एक ओळ रिकामी सोडलेली होती.

“ही कशाला?” आम्ही विचारले.

“सर आता घरी नेऊन यात काहीतरी भर घालतील की,” बाई म्हणाल्या. “त्यांचे नाव लिहायला जागा नको?”