श्वासनळीतला घट्टा

उन्हाळ्यात आपण पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातो. त्याच पानात तंबाखू भरली की विडी होते. तिचा धूर छातीत जाऊन काय करतो, ते आज बघू.

श्वासनळीला आतून नाजूक अस्तर असतं. त्यावरचे बारीक तंतू खराट्यासारखे हलतात आणि धूळ, कफ वर ढकलतात. रोज धूर लागला की हे तंतू मंदावतात, मग झडतात. कुऱ्हाड धरून तळहाताला घट्टे पडतात ना, तशा तिथे चपट्या, जाड पेशी येतात. खराटा गेला, कफ साचला, म्हणून विडी ओढणारा सकाळी खोकत बसतो. हा कॅन्सर नव्हे.

धूर चालूच राहिला तर या पेशींचा आकार बिघडतो, त्या वेड्यावाकड्या वाढू लागतात. ही कॅन्सरच्या आधीची पायरी. बिघडलेल्या पेशी अस्तराचा तळ फोडून खाली शिरल्या की तो कॅन्सर. यात बरीच वर्षं जातात.

खर्ऱ्यानं तोंडात पडलेला पांढरा चट्टा आरशात दिसतो. छातीतला हा बदल दिसत नाही, दुखत नाही, साध्या एक्स-रेतही कळत नाही. म्हणून दुखायची वाट पाहू नका. धूर थांबला तर सुरुवातीचे बदल बरेचदा मागे फिरतात. विडी सोडून 10 वर्षं झाली की धोका जवळपास निम्मा होतो.

विडी न ओढणारीलाही घरातल्या दुसऱ्याच्या विडीचा धूर बाधतो. लाकडाच्या चुलीच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था 'बहुधा कॅन्सर करणारा' म्हणते. जमेल तेव्हा गॅस वापरा. चूल असेल तर धूर बाहेर जायला वाट ठेवा, सरपण वाळलेलं घ्या.

खोकला 2 आठवड्यांवर गेला तर आशाताईंना सांगून थुंकी तपासा. टीबी निघाला नाही, किंवा टीबीच्या औषधानंही खोकला हटत नाही, तर तिथेच थांबू नका. थुंकीत रक्त, घटणारं वजन, बसलेला आवाज, वाढता दम दिसला तर जिल्हा रुग्णालय गाठा. पुढच्या उपचारासाठी नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे.

विडी सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा मोफत नंबर लिहून घ्या: 1800-11-2356. गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, कुणाच्या घरी जुना खोकला आहे?