‘खोटे-खोटे’ची भाषा : बालक्रीडा, बालनाट्य आणि पनवेलचे मूल

मराठी मुलाच्या बोलण्यात ‘खोटे’ आणि ‘खोटे-खोटे’ हे एकच शब्द नव्हेत. ‘तू खोटे बोललास’ हा आरोप आहे. ‘तो खोटे-खोटे रडतो आहे’ हे केवळ वर्णन आहे व त्यात दोषारोपाचा लेशही नाही. द्विरुक्तीने सामान्यतः अर्थाला आधिक्य किंवा पौनःपुन्य प्राप्त होते; ‘गरम-गरम’ किंवा ‘पुन्हापुन्हा’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. येथे मात्र द्विरुक्तीने अर्थाची जातच पालटते. ‘शाळा-शाळा’, ‘डॉक्टर-डॉक्टर’, ‘दुकान-दुकान’ या खेळांच्या नावांतही हाच प्रकार दिसतो. नाम एकदा उच्चारले तर खरी वस्तू, दोनदा उच्चारले तर तिचे सोंग, असा हा नियम आहे. तो कोणी शिकवीत नाही, आणि चार वर्षांचे मूल त्यात सहसा चुकत नाही.

खेळ आणि नाटक यांचा बालविकासाशी असलेला संबंध सामान्यतः मनोरंजन, धीटपणा किंवा सभाधीटपणा या अंगांनी सांगितला जातो. ही अंगे खरी आहेत. परंतु भाषेच्या दृष्टीने पाहता या संबंधाचे मूळ वरील नियमातच आहे. आपण बोलतो ते खरे नाही आणि तरीही ते खोटे नाही, हे एकाच वेळी जाणून बोलणे ही भाषेची एक वरची पायरी आहे, आणि मूल ती खेळात चढते. ग्रेगरी बेटसन यांनी १९५५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच तत्त्व प्राण्यांच्या क्रीडेवरून मांडले. खेळातला चावा हा चाव्याचा निर्देश करतो, पण चावा ज्याचा निर्देश करील त्याचा तो करीत नाही. ‘हा खेळ आहे’ हा संदेश प्रत्येक कृतीच्या पाठीशी अध्याहृत असतो. मराठी मुलाने त्या संदेशासाठी द्विरुक्तीची सोय करून ठेवली आहे.

सोंगाचे व्याकरण

भातुकलीचा डाव मांडताना मुले जी वाक्ये बोलतात ती लक्षात घेण्यासारखी आहेत. ‘मी आई झाले, तू बाळ झालास.’ क्रियापद भूतकाळी आहे. पण येथे कोणतीही घडलेली गोष्ट सांगितली जात नाही. वाक्य उच्चारले गेले आणि त्या क्षणी ती मुलगी आई झाली. फ्रेंच व इटालियन मुले खेळातील भूमिका ठरविताना अपूर्ण भूतकाळ योजतात, हे त्या भाषांच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. वर्तमानाचे बंधन सैल करण्यासाठी भूतकाळाचा आश्रय घेण्याची ही प्रवृत्ती एका भाषेपुरती मर्यादित नाही. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, बोलणे हीच कृती ठरते अशा वाक्यांचा विचार आहे. शपथ किंवा नामकरण ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. ‘मी आई झाले’ हे वाक्य त्याच जातीचे आहे. फरक इतकाच की येथे पुरोहित, साक्षीदार आणि यजमान ही तिन्ही पदे मुलांकडेच असतात.

एकदा भूमिका घेतली की तिचा निर्वाह प्रत्येक वाक्यात करावा लागतो, आणि मराठीत हे काम विशेष कसोटीचे आहे. मराठीत क्रियापद लिंगानुसार बदलते. म्हणून आईची भूमिका घेतलेल्या मुलाला ‘मी भात करते’ असेच म्हणावे लागते. ‘करतो’ म्हटले तर दुसरी मुले लगेच हटकतात. बाई झालेल्या मुलीने ‘पुस्तके उघडा’ अशी आज्ञा द्यावयाची असते. दुकानदाराने गिऱ्हाइकाला ‘तुम्ही’ म्हणावयाचे असते. बाळाने बोबडे बोलावयाचे असते. खऱ्या जीवनात पाच वर्षांच्या मुलाला आज्ञा देण्याचा, भाव करण्याचा किंवा कोणाचे सांत्वन करण्याचा प्रसंग फारसा येत नाही. भाषेचे हे प्रकार ते ऐकते. पण स्वतःच्या तोंडी घेऊन पाहण्याची संधी त्याला सोंगातच मिळते. लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये लेनिनग्राद येथे दिलेल्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचे उदाहरण घेऊन दाखविले की, अशा खेळात अर्थ वस्तूपासून सुटा होतो, आणि मूल आपल्या नित्याच्या वर्तनाच्या पुढे जाऊन वागू लागते. भाषेच्या बाबतीत हे विधान अक्षरशः लागू पडते. खेळातील आई झालेली मुलगी आपल्या वयापेक्षा मोठी वाक्ये बोलते.

मुलांनी मुलांना दिलेला ठेवा

खेळाची भाषा मोठ्यांकडून मुलांकडे येते असे समजणे पूर्णांशाने बरोबर नाही. तिचा फार मोठा भाग मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे जातो. विटीदांडूत मोजताना येणारे ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ हे शब्द याचा सुंदर पुरावा आहेत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या एक ते चार संख्यांशी त्यांचे नाते उघड आहे. महाराष्ट्रातील बाजारात वा शेतात या संख्या मराठी माणूस वापरीत नाही. परंतु दक्षिणेशी असलेल्या जुन्या संपर्काची ही खूण मुलांच्या डावात टिकून राहिली. अर्थ हरपला तरी क्रम हरपला नाही, कारण क्रम चुकला तर डाव जातो.

खेळातील पारिभाषिक शब्दही असेच विचार करावयास लावणारे आहेत. लपंडावात ज्याच्यावर शोधण्याची पाळी येते त्याच्यावर ‘राज्य’ येते. प्रौढांच्या भाषेत राज्य मिळवावयाचे असते. मुलांच्या भाषेत ते चुकवावयाचे असते. त्याहूनही महत्त्वाची संज्ञा ‘कच्चा लिंबू’ ही आहे. जे मूल फार लहान आहे, ज्याला नियम पुरते कळत नाहीत, त्याला खेळात घेतले जाते, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. शिकणाऱ्याला चुकण्याची मुभा देऊन मंडळात सामावून घेण्याची ही व्यवस्था कोणत्याही शिक्षणशास्त्रज्ञाने आखलेली नाही, तरी तिच्यात एक परिपक्व शैक्षणिक विचार आहे.

खेळातून रंगभूमीकडे

नाट्य हे खेळाचेच विस्तारलेले रूप आहे, ही जाणीव भारतीय परंपरेत प्राचीन आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे दृश्य आणि श्राव्य असे ‘क्रीडनीयक’, म्हणजे खेळणे, मागतात. मराठीत अद्यापि नाटकाचा ‘खेळ’ होतो, आणि कोकणात नमन सादर करणाऱ्यांना ‘खेळे’ म्हणतात.

मुलांसाठी स्वतंत्र मराठी रंगभूमीचा पाया सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘मधुमंजिरी’ या नाटकाने घातला. त्याचे लेखक रत्नाकर मतकरी यांनी पुढे १९६२ मध्ये ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. राक्षस, चेटकिणी आणि राजकन्या यांचे हे जग नेपथ्य व प्रकाशयोजना यांसह मुलांपुढे प्रथमच गंभीरपणे मांडले गेले. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मुलांनी पाहावयाचे नाटक आणि मुलांनी करावयाचे नाटक ही दोन वेगळी साधने आहेत. इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या स्वयंस्फूर्त नाट्याला स्वतंत्र कलाप्रकार मानावे, असा आग्रह धरला होता. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात गोष्ट व नाट्य यांना मानाचे स्थान दिले. माँटेसरीबाई स्वतः अद्भुत कथांविषयी साशंक होत्या. तरीही त्यांचेच अनुयायित्व पत्करलेल्या गिजुभाईंनी हा फरक केला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, आणि तेथेच शाळा मुलांच्या अंगणात नेण्याची, म्हणजे अंगणवाडीची, कल्पना आकारास आली. मूल जेथे खेळते व ज्या भाषेत खेळते तेथून शिक्षणाचा आरंभ व्हावा, हे त्या कल्पनेचे सार आहे.

पनवेलची परिस्थिती

या विचाराची खरी कसोटी पनवेलसारख्या ठिकाणी लागते. १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झालेले हे जुने बाजारपेठेचे गाव १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर नव्या मुंबईच्या विस्ताराशी जोडले गेले, आणि २०१६ मध्ये तेथे महानगरपालिका आली. आगरी, कोळी, कराडी यांची जुनी गावे आणि परगावांहून, परप्रांतांहून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती आज एकमेकींना लागून आहेत. तालुक्यातील कातकरी व ठाकूर वाड्यांची भाषा आणखी निराळी. अशा ठिकाणी मूल घरी एक भाषा बोलते, शाळेत दुसरी ऐकते आणि आवारात खेळताना तिसरी वापरते.

आगरी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि स्वरांमधील ‘ड’च्या जागी ‘र’ येतो : शाला, पानी, गारी, घोरा. हे उच्चार नियमबद्ध आहेत. त्यांत अज्ञान किंवा आळस नाही. परंतु वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला हसू ऐकावे लागले, तर ते मूल ‘पाणी’ शिकण्याऐवजी गप्प राहण्यास शिकते. आणि जे गप्प राहते ते कोणतीच भाषा वाढवू शकत नाही. येथील प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा नाही. मूल शाळेत बोलणार की नाही, हा आहे.

‘शाळा-शाळा’ या खेळात नेमकी याच्या उलट प्रक्रिया संभवते. बाई झालेली आगरी मुलगी ‘शाळा’, ‘पाणी’ हे उच्चार हौसेने घेते, कारण ते भूमिकेचे उच्चार आहेत. स्वतःच्या बोलीचा त्याग करण्याची अट त्यात नाही. डाव मोडला की ती पुन्हा आपल्या बोलीत परतते. दोन भाषारूपे प्रसंगानुसार वापरावयाची असतात, त्यांतील एक चांगले व दुसरे वाईट नसते, ही जाणीव देण्यास भूमिकेइतके सौम्य साधन दुसरे नाही.

पनवेलमध्ये जवळच्या शिरढोणचे सुपुत्र आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. शाळांची स्नेहसंमेलनेही उत्साहाने होतात. पण रंगमंच असणे आणि मुलाला बोलू देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ध्वनिमुद्रित गीतावर केलेल्या नाचात मूल एकही वाक्य उच्चारीत नाही. मोठ्यांनी लिहिलेले संवाद पाठ म्हणताना ते उच्चारते, पण रचीत नाही. बोली जर रंगमंचावर केवळ हशा पिकविण्यासाठी आणली, तर घरची लाज तेथे आणखी घट्ट होते. याला पर्याय फार दूर शोधावा लागत नाही. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात वस्त्यांतील मुले स्वतःच्या जीवनातील विषयांवर स्वतःच नाटिका रचून सादर करू लागली. प्रेक्षक म्हणून ज्यांना जागा नव्हती, ती मुले कर्ती झाली.

मर्यादा आणि निष्कर्ष

याविषयी अतिशयोक्ती टाळणे आवश्यक आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातील अँजेलिन लिलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सोंगाच्या खेळावरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. या खेळामुळेच बुद्धी किंवा सर्जकता वाढते असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असे त्यांना आढळले. भाषा व कथनशक्ती यांच्या बाबतीत त्यांनी शक्यता खुली ठेवली. पण खेळ हा अनेक मार्गांपैकी एक असेल, किंवा तो विकासाचे कारण नसून केवळ सोबती असेल, असेही सुचविले. तेव्हा नाटकाने मूल हुशार होते, ही जाहिरात शास्त्राला मान्य होणारी नाही.

येथे मांडलेले विधान त्याहून लहान, पण अधिक दृढ आहे. भाषेचा जो प्रकार वापरण्याचा प्रसंगच मुलाला मिळत नाही, तो त्याच्या तोंडी रुळू शकत नाही. असे प्रसंग सोंगात अगणित मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे या पायाभूत अवस्थेत खेळाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. तो कागदावरून वर्गात यावयाचा, तर शिक्षकाने आठवड्यातून एखादा तास तरी भूमिका मुलांना वाटून घेऊ द्याव्या, संवाद त्यांनाच रचू द्यावे, उच्चारांची दुरुस्ती त्या तासापुरती बाजूस ठेवावी आणि जे मूल बोलण्यास कचरते त्याला कच्चा लिंबू म्हणून डावात घ्यावे. ही शेवटची रीत तर शिक्षकाला मुलांकडूनच शिकता येईल.