कलाशाळा, गीत आणि ध्वनिमुद्रण : अरुण कोलटकरांच्या गीतरचनेचा विचार

रॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा चित्रकलेच्या शिक्षणाशी निकटचा संबंध आहे. इंग्लंडमध्ये जॉन लेनन लिव्हरपूलच्या, पीट टाउन्शेंड ईलिंगच्या, तर एरिक क्लॅप्टन किंग्स्टनच्या कलाशाळेत काही काळ शिकत होते. पुढे १९६६ साली क्लॅप्टन यांनी जिंजर बेकर व जॅक ब्रूस यांच्यासह 'क्रीम' हा तिघांचाच वाद्यमेळ उभारला. रूढ विद्यापीठीय शिक्षणात न रमणाऱ्या तरुणांना या शाळांनी आसरा दिला. स्वतःचे माध्यम स्वतः घडविण्याची सवयही तेथेच लागली.

मुंबईत या वृत्तीने प्रथम निराळी वाट धरली. १८५७ साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी अरुण कोलटकर यांनी दिलीप चित्रे व रमेश समर्थ यांच्यासमवेत १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक सुरू केले. तिघांचा मेळ जमला तो वाद्यांचा नव्हे, तर कागदाचा. याचे कारण भौतिक साधनांत शोधावे लागते. विजेवर चालणारी वाद्ये महाग होती. तबकड्या काढण्याचे सामर्थ्य मोजक्या कंपन्यांच्या हाती होते आणि त्यांचा भर चित्रपटसंगीतावर होता. याउलट मेणकागद व शाई एवढ्या सामग्रीवर अंक निघू शके.

तथापि कोलटकरांची संगीताची ओढ कागदावर भागली नाही. त्यांनी अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाजाचे शिक्षण घेतले, इंग्रजीत गीते रचली आणि १९७३ साली त्यांचे नमुन्यादाखल ध्वनिमुद्रणही केले. त्यातून संगीतकार म्हणून त्यांची कारकीर्द घडली नाही. २००४ साली ते निवर्तले. त्यानंतर २००९ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या संग्रहात त्यांच्या गीतांचे शब्द ग्रथित झाले.

भाषाभ्यासकास या गीतांचे महत्त्व कोणते? कोलटकरांची बोलभाषेवरील पकड 'मैं मॅनेजर को बोला' या शीर्षकावरूनच ध्यानात येते. ही कविता मुंबईच्या हिंदीत असून 'थ्री कप्स ऑफ टी' हे तिचे इंग्रजी रूप कवीनेच सिद्ध केले. प्रमाण हिंदीत येथे 'मॅनेजर से कहा' अशी रचना अपेक्षित असते. मुंबईच्या बोलीत 'को' येतो व त्यामागे मराठीतील 'ला' हा प्रत्यय जाणवतो. म्हणजे शब्द हिंदी, पण वाक्याची घडण शहराची. अशा रचनेचा अर्थ केवळ कोशात नसतो. तो उच्चारात, आघातात व विरामात वसतो. गीताच्या बाबतीत तर हे अधिकच खरे.

असे असूनही ही गीते दोन्ही इतिहासांच्या कडेला राहिली. मराठी वाङ्मयेतिहासास ती इंग्रजी म्हणून परकी वाटतात, तर इंग्रजी काव्याच्या समीक्षेस ती गीते म्हणून गौण. या विभागणीचा खरा तोटा ध्वनीला होतो. छापील संहिता टिकते आणि आवाज विरतो. कसाऱ्याच्या घाटाखाली ठाकरांची वा कातकऱ्यांची गीते गोळा करणारा अभ्यासक आधी आवाज मुद्रित करतो, मग शब्द उतरवून घेतो. तोच दंडक नागर गीतासही लावणे अगत्याचे आहे. लेखनकलेत निष्णात असलेल्या कवीचा आवाजदेखील त्याच्या भाषेचा पुरावाच होय.