नौकेवरील घटमालेची पुनर्जोडणी, हिवाळी साठवणीनंतरची

हिवाळ्यात पाण्याबाहेर काढून ठेवलेल्या नौकेची संचायक विद्युत् घटमाला (बॅटरी) वसंत ऋतूत पुन्हा तिच्या विद्युत् मंडलास जोडण्याची क्रिया. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांचा प्रदेश, स्वीडन, फिनलंड इ. ठिकाणी हिवाळ्यात पाणी गोठते. त्यामुळे तेथील सहलीच्या नौका शरद ऋतूत किनाऱ्यावर घेऊन झाकून ठेवतात आणि साधारणतः एप्रिल-मेमध्ये पुन्हा पाण्यात सोडतात. दोन पकडी अग्रांवर घट्ट बसविणे एवढीच ही क्रिया वरवर दिसते. तथापि शेवटची पकड अग्राला टेकते त्या क्षणी मंडल पूर्ण होते व एखादे उपकरण चालू असल्यास तेथेच ठिणगी पडते. नौकेतील बंदिस्त कप्प्यात हायड्रोजन वायू किंवा पेट्रोलची वाफ साचलेली असेल, तर ती ठिणगी स्फोटास पुरेशी ठरते. म्हणून शेवटची जोडणी ठिणगीविना व्हावी, हे या क्रियेतील सर्व दक्षतांचे सूत्र होय.

साठवणीतील बदल : नौकांवर शिसे-अम्ल प्रकारची घटमाला दीर्घकाळ प्रचारात आहे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हा घट १८५९ मध्ये तयार केला. न वापरताही त्यातील विद्युत् भार हळूहळू कमी होतो. तापमान सु. १०° से.ने उतरले की हा ऱ्हास जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे पूर्ण भारित घटमालेस थंडी एका अर्थी अनुकूलच असते. धोका असतो तो अर्धवट रिकाम्या घटमालेस. पूर्ण भारित अवस्थेत विद्युत् विच्छेद्याचे (सल्फ्यूरिक अम्लाच्या जलीय विद्रावाचे) विशिष्ट गुरुत्व सु. १·२६५ असते व तो −५०° से.च्याही खाली गोठतो. भार संपत गेला की अम्ल पट्टांशी संयोग पावते, विद्राव पाण्यासारखा विरळ होतो आणि पूर्ण रिकाम्या अवस्थेत तो सु. −१०° से.लाच गोठू शकतो. बर्फ प्रसरण पावून पट्ट वाकतात व पेटीला तडा जातो. शिवाय रिकाम्या घटमालेतील लेड सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होऊन तिची धारणक्षमता कायमची घटते.

तपासणी व भारण : पेटी फुगलेली, तडकलेली किंवा गळकी असल्यास ती घटमाला जोडू नये. गोठलेल्या घटमालेचे भारण कधीही करू नये. तीतून निघणारा वायू कोंडून ती फुटू शकते. काही तास विश्रांतीनंतर १२ व्होल्ट घटमालेचा विद्युत् दाब १२·६ ते १२·७ व्होल्ट भरल्यास ती पूर्ण भारित समजावी; १२·२ व्होल्ट म्हणजे सु. निम्मा भार. भारण शक्यतो नौकेबाहेर, हवेशीर जागी करावे. भारणाच्या अखेरीस हायड्रोजन सुटतो व हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की मिश्रण ज्वालाग्राही होते. झाकणे उघडता येणाऱ्या घटांत भारणानंतर ऊर्ध्वपातित पाणी घालून पातळी पुरी करावी. पट्ट उघडे पडले असतील, तर ते झाकण्यापुरते पाणी मात्र आधीच घालावे. लिथियम आयर्न फॉस्फेट घटमालेचे भारण ०° से.खाली करू नये. तसे केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून घट निकामी होतो.

जोडणीचा क्रम : प्रथम सर्व झडपा उघडून कप्प्यांत हवा खेळू द्यावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते, आणि ती बाहेर काढणारा विजेचा पंखा घटमाला जोडल्याशिवाय चालत नाही; म्हणून वासावरून खात्री करून घेणे आवश्यक असते. मुख्य स्विच बंद ठेवावा. त्याला वळसा घालून थेट जोडलेल्या उपकरणांच्या, उदा., तळचे पाणी उपसणाऱ्या स्वयंचलित पंपाच्या, वितळतारा काढून ठेवाव्यात. अंगठी व घड्याळ उतरवावे, डोळ्यांवर चष्मा चढवावा. अग्रे व पकडी घासून चकचकीत कराव्यात. त्यांवरील अम्लाचा अंश खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा, मात्र ते घटात जाऊ देऊ नये.

यानंतर घटमालांमधील परस्पर जोडण्या, मग धन अग्राची केबल व सर्वांत शेवटी ऋण अग्राची केबल जोडावी. सामान्यतः एंजिनाचा धातूचा सांगाडा ऋण बाजूस जोडलेला असतो. ऋण केबल आधी जोडली, तर धन अग्रावर काम करणारा पाना एंजिनाला टेकताच मंडल संक्षेप (शॉर्टसर्किट) होऊन शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. पाना लाल होतो व हात भाजतो. सोडताना क्रम उलटा, म्हणजे ऋण केबल प्रथम, असतो. केबली उलट अग्रांना जोडल्या गेल्यास आल्टरनेटरमधील डायोड तत्काळ जळतात. म्हणून शरद ऋतूत सोडतानाच केबलींवर खुणा करणे श्रेयस्कर असते.

पकडी हाताने हलवून सैल नाहीत हे पाहावे, त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी, धन अग्रावर रोधक टोपण बसवावे आणि घटमाला पट्ट्याने जखडावी. लाटांमुळे सैल झालेला सांधा तापून आग लागते. शेवटी वितळतारा बसवून मुख्य स्विच चालू करावा व प्रत्येक उपकरण तपासावे. हे सर्व नौका पाण्यात सोडण्यापूर्वीच उरकावे लागते, कारण नौका गळू लागल्यास तिला तारणारा पंप याच घटमालेवर चालतो.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात नौका ओढून शाकारतात. तेथे गोठण्याचे भय नाही. मात्र उष्णतेमुळे भार लवकर उतरतो व खाऱ्या दमट हवेने अग्रे गंजतात. जोडणीचा क्रम तेथेही हाच होय. [⟶ विद्युत् घट].