दुबईला जाताना इलाजाचीही चौकशी करा

कापडाच्या धंद्यानिमित्त आमचे दुबईला जाणे-येणे असते. कोकणातून तिकडे गेलेले आपले कारागीर भेटतात. निघताना त्यांनी पगार, खोली, जेवण सगळे विचारलेले असते. आजारी पडलो तर खर्च कोणाचा, हे मात्र विचारलेले नसते.

दुबईत 2013 साली झालेल्या कायद्याने कामगाराचा आरोग्य विमा मालकाने काढायचा आहे. त्याचा हप्ता पगारातून कापता येत नाही. शारजा, अजमानकडे विम्याची सक्ती 1 जानेवारी 2025 पासून आली. बायको-मुलांना नेले तर त्यांचा विमा आपल्यालाच काढावा लागतो.

विमा आहे म्हणून कोणताही दवाखाना चालत नाही. कंपनीची यादी असते. तातडीची वेळ सोडून यादीबाहेर गेलात की बिल आपल्या अंगावर. यादीतल्या दवाखान्यातही स्वस्त विम्यात काही टक्के रक्कम रोख भरावी लागते. साखर, रक्तदाब असेल तर अर्जात लपवू नये, नाहीतर ऐन वेळी कंपनी बिल नाकारते.

खरा धोका बॅगेतल्या औषधांचा. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या आपल्याकडे घरात पडलेल्या असतात. तिकडे त्या नियंत्रित आहेत. परवानगीशिवाय सापडल्या तर अटक होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी तर हवीच, शिवाय तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी. शेजाऱ्याने 'भावाला द्या' म्हणून दिलेली पुडी, मग तो कितीही जवळचा असो, उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नये.

तिथे रुग्णवाहिकेचा नंबर 998 आहे.