सूप सांडलं, फुलं वाचली

14 ऑक्टोबर 2022. लंडनच्या नॅशनल गॅलरीत दोन तरुण आंदोलकांनी व्हॅन गॉगच्या ‘सनफ्लॉवर्स’वर टोमॅटो सूप फेकलं. जगभर हलकल्लोळ! चित्राला मात्र ओरखडाही नाही, कारण पुढे काच होती. मार खाल्ला तो जुन्या चौकटीने. न्यायालयात नुकसान सांगितलं गेलं दहा हजार पौंडांपर्यंत, तेही चौकटीचंच.

मोनालिसाची काच तर या बाबतीत मुरलेली. 1956 मध्ये एकाने दगड मारला तेव्हा ती फुटली आणि कोपराजवळ रंगाचा टवका उडाला. मग काच बुलेटप्रूफ झाली, आणि 2022 मध्ये कुणी केक फासला तो पुसून टाकण्यापुरताच उरला. गंमत म्हणजे, 1911 साली हे चित्र चोरणारा व्हिन्सेन्झो पेरुजा लूव्रमधल्या चित्रांना काच बसवणाऱ्या कारागिरांपैकीच! चौकट आणि काच जिन्यात टाकून तो नुसती फळी घेऊन पसार झाला. हो, फळीच. मोनालिसा पॉप्लरच्या लाकडावर रंगवलेली आहे.

रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चं नशीब उलटं. 1715 मध्ये ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवताना ते भिंतीवर मावेना, म्हणून चारही बाजूंनी चक्क कापलं.

आता आपल्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे या. गिऱ्हाईक सोनेरी पट्टी की काळी, यावर अर्धा तास घालवतं आणि मागे पुठ्ठा कुठला लावणार, हे विचारतही नाही. माझ्या मते घासाघीस करायची तर पट्टीवर करावी, माउंट आणि पुठ्ठ्यावर कधीच नाही. चित्राभोवतीचा तो कोरा माउंट शोभेचा वाटतो, पण कागद काचेपासून लांब ठेवणं हे त्याचं खरं काम. पावसाळ्यात काचेला आतून ओल धरते. टेकलेल्या कागदाला बुरशी लागते, फोटो तर काचेलाच चिकटून बसतो. माउंट स्वस्तातला असेल तर त्यातलं आम्ल काही वर्षांत कापलेल्या कडेलगत चित्रावर तपकिरी रेघ ओढतं. म्हणून ‘ॲसिड-फ्री’ मागायचा. पुठ्ठ्याचंही तेच. मळवलीच्या छापखान्यातली रविवर्म्याची एखादी जुनी लक्ष्मी देवघरात असेल, तर मागचा पुठ्ठा एकदा जरूर बघा.

चित्र माउंटला सेलोटेपने चिकटवणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावं. जाणकार जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या गव्हाच्या खळीने लावतात, त्याही फक्त वरच्या कडेला, म्हणजे हवेप्रमाणे कागदाला फुगता-आकसता येतं. पट्टी मुद्दाम चित्राच्या कागदाहून कमजोर. फ्रेम पडलीच तर पट्टी फाटावी, चित्र नाही!

काचेऐवजी ॲक्रिलिक हलकं, फुटतही नाही. पण पुसलं की त्यात स्थिर वीज साठते आणि पेस्टल किंवा कोळशाच्या चित्राची भुकटी ते स्वतःकडे ओढून घेतं. कागदावरच्या चित्रांना संग्रहालयं साधारण 50 लक्स एवढाच मंद उजेड देतात. कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या लावल्या, की ओल धरलेल्या भिंतीपासून फ्रेम सुटी राहते.

तैलचित्र असेल तर ते उलटं करून पाहा. आतल्या लाकडी सांगाड्याच्या कोपऱ्यांत छोट्या पाचरी दिसतील. कॅनव्हास सैल पडला की त्या हलकेच ठोकून तो ताणतात. साफसफाईत बिचाऱ्या कचरा म्हणून फेकल्या जातात. गळून पडलेली सापडली, तर पाकिटात घालून फ्रेमच्या मागे चिकटवून ठेवा. पुढचा दुरुस्तीवाला दुवा देईल.